केडगावच्या प्रार्थना

कोल्हापुरातल्या वाइल्डर मेमोरिअल चर्चवरून जाताना मला नेहमी केडगाव आठवते. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले ते प्रेस्बिटेरियन शिकवण घेऊन. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने, कर्माने नव्हे. पावित्र्य मात्र आयुष्यभर, हळूहळू वाढत जाते.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला १९०५ मध्ये वेगळेच घडले. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या मुली रडत, मोठ्याने पापे कबूल करत प्रार्थना करू लागल्या. पुढे काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. टीकाकारांना तो उन्माद वाटला. रमाबाईंनी मुलींना गप्प केले नाही. पण अन्य भाषा हीच पवित्र आत्म्याची एकमेव खूण, असेही मानले नाही.

त्यातल्या कितीतरी जणी दुष्काळातून वाचलेल्या होत्या. वाद जिंकण्यापेक्षा त्यांचे ऐकून घेणे मला मोठे वाटते.