टर्नर सिंड्रोम: हृदय जपायचे तर आधी तपासणी, मग व्यायाम

‘रोज चाला, मीठ कमी खा, वजन आटोक्यात ठेवा’ हा सल्ला सगळ्यांनाच मिळतो. टर्नर सिंड्रोम असलेल्या महिलांसाठीही तो योग्यच आहे. पण त्यांच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही.

टर्नर सिंड्रोम म्हणजे काय?

स्त्रियांच्या पेशींत साधारणपणे दोन एक्स गुणसूत्रे असतात. या स्थितीत त्यांतले एक पूर्णपणे किंवा अंशतः नसते. सुमारे २,००० ते २,५०० मुलींमागे एकीत ती आढळते. कमी उंची आणि अंडाशयांचे काम नीट न होणे ही तिची प्रमुख लक्षणे. यात आईवडिलांची कोणतीही चूक नसते.

हृदयाला धोका का?

काहींच्या हृदयातील महाधमनीच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पडदे असतात. काहींची महाधमनी एका जागी अरुंद असते. पुढे ही धमनी फुगू शकते आणि क्वचित तिचा आतला थर फाटतो. तो प्रकार जिवावर बेततो. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचे प्रमाणही या महिलांमध्ये जास्त असते.

‘नॉर्मल’ रिपोर्ट नीट पाहा

उंची कमी असल्याने सर्वसाधारण मोजमापात ‘नॉर्मल’ दिसणारी महाधमनी त्यांच्या शरीराच्या मानाने रुंद असू शकते. म्हणून ती शरीराच्या आकाराच्या तुलनेत मोजली आहे ना, हे डॉक्टरांना विचारावे. इकोसोबत एमआरआयही लागू शकतो.

कोणत्या सवयी उपयोगी?

* व्यायाम: चालणे, पोहणे, सायकल चांगले. महाधमनी रुंद असेल, तर श्वास रोखून जड वजन उचलणे टाळावे. जिम लावण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.
* आहार: लोणचे, पापड, फरसाण कमी, भाज्या, डाळी, फळे जास्त.
* तंबाखू: सिगारेट, मिश्री, गुटखा पूर्ण बंद.
* रक्तदाब: नियमित मोजावा. त्रास जाणवत नाही म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.
* हार्मोन: डॉक्टरांनी दिलेले इस्ट्रोजेन मध्येच सोडू नये. ते हाडांसाठी आणि एकूण आरोग्यासाठीही गरजेचे असते.

गर्भधारणेआधी

दात्याच्या बीजांडातून आई होणे काहींना शक्य असते. पण गरोदरपणात महाधमनीवरचा ताण वाढतो. त्यामुळे हृदयाची तपासणी आधीच करून घ्यावी.

हे विसरू नका

बालरोगतज्ज्ञांकडचे उपचार संपले की अनेकींच्या तपासण्याही थांबतात. हृदयावर मात्र आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी तीव्र कळ आली, तर अ‍ॅसिडिटी समजून थांबू नये. लगेच रुग्णालय गाठावे आणि ‘टर्नर सिंड्रोम आहे’ हे तिथे पोहोचताच सांगावे.