परभणी क्रांतीची कुळी

भेंडीवर हळद्या आला की आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात. मधला भाग हिरवाच राहतो, त्यामुळे पानावर पिवळी जाळी उमटते. मग अख्खं पान पिवळं आणि शेवटी भेंडीही पांढरट, राठ. असा माल कोण घेणार? पांढरी माशी या रोगाचा विषाणू रानभर नेते. दिल्लीची ‘पुसा सावनी’ ही जात काही वर्षं त्याला पुरून उरली, मग तीही पिवळी पडू लागली.

परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी तोड शोधली ती भेंडीच्या भावकीत. ॲबेलमोस्कस मॅनिहॉट ही प्रजाती हळद्याला दाद देत नव्हती. तिची सोयरीक त्यांनी पुसा सावनीशी लावली. प्रजाती वेगळ्या, त्यामुळे अशा संकरात बी जेमतेम धरतं. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी उकलून पुंकेसर काढायचे, पिशवी बांधायची, सकाळी पराग लावायचा. आलेली रोपं पुन्हा पुसा सावनीशी जुळवायची आणि पिढीमागून पिढी निरोगी झाडं तेवढी राखायची. हा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकातून येतो, हे दोघांनी १९८१ मध्ये मांडलं. १९८५ मध्ये ‘परभणी क्रांती’ आली.

दुसऱ्या प्रजातीचं जनुक ताटात आलं, तरी जैवसुरक्षेची परवानगी कुणी मागितली नाही. तसे नियमच नव्हते; ते आले डिसेंबर १९८९ मध्ये, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. आधी असते तरी ही भेंडी त्यांत बसली नसती. पेशीबाहेर घडवलेलं जनुक आत घातलं तर परवानगी. परागातून आलं तर कुणी विचारत नाही.

शेजारच्या जालन्यातल्या महिको या बियाणे कंपनीने वांग्यात मातीतल्या ‘बीटी’ जिवाणूचं जनुक घातलं, शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी. ते परागातून येणं शक्यच नव्हतं. जीईएसी या केंद्रीय समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी त्याला हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत लोकांचं म्हणणं ऐकलं आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. ती आजही उठलेली नाही. बांगलादेशात मात्र बीटी वांगं २०१४ पासून शेतात आहे. गंमत म्हणजे बीटी कापसाला २००२ मध्येच मंजुरी मिळाली, आणि त्याच्या सरकीचं तेल आपण बिनबोभाट खातो. जनुक कुठल्या दारातून आलं हे नियम काटेकोर तपासतात. ते शेतात नि पोटात काय करतं, ही चौकशी मला जास्त मोलाची वाटते.

परभणी क्रांतीचा प्रतिकारही पुढे ढिला पडला आणि बाजार खासगी संकरित वाणांनी व्यापला. क्रांती मात्र सरळ वाण, तिचं बी शेतकऱ्याला घरी धरता येतं.