इनटेक मॅनिफोल्ड : छिद्रे पाडावीत की नवा बसवावा?

स्वारगेट (पुणे) - जुनी पेट्रोल मोटार सीएनजीवर करून घेण्यासाठी स्वारगेट परिसरातील गॅरेजमध्ये येणारे वाहनमालक किटच्या किमतीची पुरेशी घासाघीस करतात. मात्र, ज्या मॅनिफोल्डला छिद्रे पाडून हे किट बसवायचे, तो सुस्थितीत आहे का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

थ्रॉटलमधून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरकडे वाटून देणारी नळ्यांची जुळणी म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. पूर्वी तो ओतीव अॅल्युमिनियमचा असे. नंतरच्या अनेक पेट्रोल मोटारींत काचतंतूमिश्रित नायलॉनचा, म्हणजे बोलीभाषेतला 'प्लॅस्टिकचा' मॅनिफोल्ड आला. तो वजनाला हलका आणि आतून गुळगुळीत असतो. पण स्फोटाचा दणका त्याला सोसत नाही.

जुन्या मिक्सर पद्धतीच्या किटमध्ये वायू थ्रॉटलपूर्वीच हवेत मिसळतो. त्यामुळे संपूर्ण मॅनिफोल्ड ज्वालाग्राही मिश्रणाने भरलेला असतो. प्लग कमकुवत असेल किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर 'बॅकफायर' होऊन प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डच्या चिरफळ्या उडू शकतात. सिक्वेन्शियल पद्धतीत वायू प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी, हवा तेवढाच सोडला जातो. प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड असल्यास हीच पद्धत स्वीकारावी.

त्यासाठी चार सिलिंडरच्या इंजिनात चार छिद्रे पाडावी लागतात. मॅनिफोल्ड इंजिनवरून उतरवूनच हे काम करून घ्यावे, अन्यथा बुरादा थेट सिलिंडरमध्ये जातो. सर्व छिद्रे हेडपासून सारख्या अंतरावर, शक्य तितकी व्हॉल्व्हजवळ असावीत. हे अंतर चुकले की गाडी अडखळते आणि दोष विनाकारण किटला दिला जातो.

अॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डची कड वाकली असेल, तर फेसिंग करून घेता येते. तडा गेला असल्यास आरगॉन वेल्डिंग व त्यानंतर फेसिंग पुरते. प्लॅस्टिकबाबत मात्र ही सवलत नाही. तडा एपॉक्सीने बुजवून देणारे कारागीर भेटतात. परंतु उष्णता, कंपने आणि पेट्रोलची वाफ यांपुढे तो लेप टिकत नाही. सुटलेला तुकडा इंजिनने ओढून घेतला, तर खर्च मॅनिफोल्डच्या कितीतरी पट होतो. अशा वेळी नवाच बसवावा. तत्पूर्वी पॅकिंग तपासून घ्यावे. गाडी उभी असताना इंजिनचे फेरे वरखाली होणे, फुसफुस आवाज येणे, हे दोष अनेकदा केवळ कडक झालेल्या पॅकिंगमुळे उद्भवतात.

जुन्या बाजारातून मॅनिफोल्ड घेताना इंजिनचा प्रकार आणि सेन्सरच्या जागा जुळवून पाहाव्यात.

कायद्याचा भागही महत्त्वाचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. सीएनजीचे किट त्या मोटारीसाठी एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मान्य केलेले असावे लागते आणि इंधनातील बदलाची नोंद आरटीओमार्फत नोंदणी प्रमाणपत्रावर करून घ्यावी लागते. ही नोंद नसल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.