दादीच्या हमेलीतला शाह आलम

रात्री वह्या तपासून झाल्या की मी मोबाईलवर जुन्या नाण्यांचे लिलाव बघत बसते. घेत काही नाही, तेवढी ऐपत नाही. मला फक्त वाचायचे असते. मुंबईची टोडीवाला ऑक्शन्स, अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी, बेंगळुरूची मरुधर आर्ट्स अशा लिलावघरांच्या याद्या आता घरबसल्या उघडतात. प्रत्येक नाण्याला लॉट नंबर, दोन्ही बाजूंचे मोठे फोटो, धातू, वजन, टांकसाळ, कोणाच्या नावे पाडले ते, आणि अंदाजे किंमत. शंभर वर्षांहून जुने नाणे असेल तर ते देशाबाहेर नेता येणार नाही, अशी सूचनाही असते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने तसे बंधन आहे.

मध्यंतरी अशाच एका यादीत एका रुपयावर बोट थांबले. वर्णन इंग्रजीत होते. त्याचे मराठी असे होईल: मराठा संघराज्य, चांदोर टांकसाळ, शाह आलम दुसरा याच्या नावे, चांदीचा रुपया. फोटो मोठा केला. एका बाजूला 'सिक्का मुबारक बादशाह गाझी शाह आलम' यातले निम्मे शब्द. दुसऱ्या बाजूला 'जर्ब जाफराबाद उर्फ चांदोर' यातले जेमतेम दोन. अक्षरे अर्धी का, तर ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. हातोडा पडेल तेवढेच उमटणार. म्हणून गावाचे नाव पुरते उतरलेले नाणे महाग आणि बाकीची त्याची भावंडे स्वस्त.

चांदोर म्हणजे आपले चांदवड. होळकरांचा रंगमहाल असलेले, नाशिक जिल्ह्यातले. माझ्या दादीचे माहेर त्याच बाजूचे.

दादीच्या गळ्यात अकरा रुपयांची हमेल असे. प्रत्येक रुपयाला वर कडी डाखलेली आणि काळ्या गोफात सगळे ओवलेले. ती त्यांना 'बादशाही रुपये' म्हणायची. मी अलिफ-बे शिकत होते तेव्हा तिच्या मांडीवर बसून त्यावरचे लाम आणि मीम शोधायचे. तेवढेच यायचे. कुठल्या बादशाहाचे आणि कुठल्या गावचे, हे विचारायचे सुचले नाही आणि तिलाही ते माहीत नसावे.

पुढे बीएडला प्रवेश मिळाला आणि फीला थोडे पैसे कमी पडले. दादी तेव्हा हयात नव्हती. अब्बा हमेल घेऊन सराफाकडे गेले, मी सोबत होते. त्याने कड्या कापल्या, कारण डाखात हलका धातू असतो. मग अकराही रुपये एकदम तराजूत टाकले. "अक्षरं झिजलीत, मोडीच्या भावानंच जातील," म्हणाला. त्याने फसवले नाही, घट धरून चोख हिशेब दिला. मी उर्दू वाचू शकत होते, पदवी हातात होती, आणि मुशीत जाणाऱ्या त्या अकरा रुपयांपैकी एकही उचलून वाचला नाही. त्याबद्दल मला अजून स्वतःचाच राग येतो. आता याद्यांमध्ये एखाद्या नाण्यापुढे 'कडीची खूण' असा शेरा दिसतो. त्या खुणेने किंमत उतरते. मी मात्र नेमका तोच शेरा शोधते.

चांदोरी रुपयाचा तो फोटो मी वर्गात दाखवला. माझी शाळा उर्दू माध्यमाची. मुलांनी पहिल्याच झटक्यात 'शाह' वाचले. 'जुलूस' वाचले आणि हसली, कारण जुलूस म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे ईद-ए-मिलादची मिरवणूक येते. नाण्यावर तो शब्द तख्तावर बसण्यासाठी आहे, अमुक जुलूसी सन म्हणजे राज्यारोहणापासूनचे अमुक वर्ष. "हे मराठ्यांचं नाणं आहे," असे सांगितले तेव्हा वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मराठ्यांचं तर उर्दूत कसं?" उर्दू नव्हे, फारसी, हे मी आधी सुधारले. पण प्रश्न खरा होता. तोच फोटो मराठी शाळेत शिकवणाऱ्या एका स्नेह्यांना पाठवला, तर त्यांचे उत्तर आले, "हे निजामाचं असणार." एकीकडे वाचणाऱ्यांना ते आपल्या गावचे वाटत नाही, दुसरीकडे ज्यांना ते आपले वाटायला हवे त्यांना वाचता येत नाही.

चांदोर काही अपवाद नाही. पेशव्यांच्या पुण्यात पाडलेल्या अंकुशी रुपयावर गावाचे नाव 'मुहियाबाद पुणे' आहे. मुहियाबाद हे औरंगजेबाच्या काळात पुण्याला मिळालेले नाव. नाशिकच्या रुपयावर 'गुलशनाबाद'. शिंद्यांच्या उज्जैनच्या रुपयावर 'दारुल फतह'. आणि सगळ्यांत मला थांबवते ते अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरचे नाणे. त्यावर शिवलिंग आणि बेलाचे पान आहे आणि बादशाहाचे नाव शाह आलमचेच. ज्या बाईंनी काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, त्यांच्या टांकसाळीत हे दोन्ही एकाच चांदीवर ठोकले जात होते.

याला लगेच सलोख्याचा पुरावा म्हणून मिरवू नये, असे मला वाटते. आपल्या लोकांना तो मोह फार होतो. हे प्रेमाने झालेले नाही, ते बाजारामुळे झाले. नाणे चालायचे ते चांदीवर आणि ओळखीवर. सराफाच्या डोळ्याला शतकभर सवय झालेला ठसा बदलला की तो बट्टा लावणार, म्हणजे रुपयामागे काही कापून घेणार. नावाला बट्टा लागणे हा आपला वाक्प्रचार त्याच पेढीवरचा. मराठीचा तास घेताना मी हे शब्द मुद्दाम फळ्यावर लिहिते. सराफ, खुर्दा, शिक्का, आणि जरब. नाण्यावरचा 'जर्ब' म्हणजे घाव, ठोका, आणि मराठीत त्याच शब्दाचा धाक झाला.

ईस्ट इंडिया कंपनीनेही हेच केले. बंगालमध्ये तिने शाह आलमचे १९ वे जुलूसी वर्ष गोठवून टाकले आणि पुढची कितीतरी वर्षे त्याच सनाचे रुपये पाडत राहिली. स्वतःच्या राजाचा चेहरा देशभर एकसारख्या रुपयावर आणायला तिला १८३५ उजाडावे लागले. इंदूरच्या होळकरांचे सूर्यमुखी रुपये तर शाह आलम वारल्यावर अर्धशतक उलटले तरी त्याच्याच नावे निघत होते. तो गेला १८०६ साली.

मग मराठे त्याचे ताबेदार होते का? हाही प्रश्न वर्गात आला. १७७२ च्या जानेवारीत शाह आलम दिल्लीच्या तख्तावर परतला तो मराठी फौजेच्या आधाराने. १७८४ मध्ये त्याने पेशव्यांच्या नावे वकील-ए-मुतलक हे पद दिले आणि कारभार महादजी शिंद्यांच्या हाती आला. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने लाल किल्ल्यात त्याचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली परत घेऊन गुलाम कादिरला ठार करणारी फौज महादजींचीच होती. ज्याचे नाव नाण्यावर, त्याला सांभाळणारे हे लोक. याला ताबेदारी म्हणावे की पालकत्व, एका शब्दात बसत नाही आणि बसवण्याचा हट्टही नको. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, नाव त्याचं आणि चांदी त्यांची." मला यापेक्षा बरे सांगता आले नसते.

याउलट छत्रपती शिवाजी महाराजांनी नेमके दुसरे टोक धरले होते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई यांवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपती', नागरी अक्षरांत. कोणत्याही बादशाहाचे नाव नाही. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, आणि शंभर वर्षांनी त्यांच्याच राज्याच्या सरदारांनी घेतलेला निर्णय वेगळा होता. दोन्ही नाणी खरी आहेत. लिलावात होन दुर्मीळ म्हणून फार वर जातो. त्याच्या बनावट प्रतीही बाजारात पुष्कळ, त्यामुळे जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

बनावटीवरून आठवले. आपल्या समाजात ७८६ क्रमांकाच्या नोटा जपून ठेवतात. अशी नोट लाखो रुपयांना विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असे सांगणारे फोन माझ्या ओळखीत दोघांना आले. एकाने पैसे भरलेही. जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. ती नोट पाकिटातच राहू द्यावी.

चांदोरीचा तो लॉट माझ्या महिन्याच्या किराण्यापेक्षा कमी पैशांत गेला. बोली संपायला दोन मिनिटे होती तेव्हा माझेही बोट बटणापर्यंत गेले होते. नाव नोंदवलेले नव्हते, म्हणून वाचले किंवा हुकले.

दुसऱ्या दिवशी फोटोच्या झेरॉक्स काढून आठवीत वाटल्या आणि अर्धी अक्षरे पुरी करायला सांगितली. बराच वेळ कोणाला जमेना. 'चे' सापडला, 'नून' निम्मा होता, पुढे 'दाल' आणि 'वाव'. शेवटच्या 'रे'चा फक्त शेंडा. ज्याचे अब्बा चांदवडच्या बाजारात कांदा घेऊन जातात तो मुलगा कागद डोळ्यांजवळ धरून बसला होता. तो एकदम उभा राहिला आणि तास मराठीचा आहे हे विसरून ओरडला, "मॅडम, ये तो अपना चांदवड है!"