मुद्दाम पाडलेला संगणक



१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी जगभरातल्या विमानतळांवर, रुग्णालयांत, बँकांत संगणकांचे पडदे एकाएकी निळे झाले. आपल्याकडेही काही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेली एक सदोष फाइल विंडोजवर चालणाऱ्या सुमारे ८५ लाख संगणकांना भोवली होती. संगणक बंद का पडले, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनीच विचारला. मला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. पडले ते पडले. पण उठले का नाहीत? संगणक पुन्हा सुरू केला, की तो तीच फाइल वाचायचा आणि पुन्हा पडायचा. अखेर असंख्य ठिकाणी माणसांनी एकेका यंत्रापाशी बसून ती फाइल काढून टाकली.

आज मी जो इतिहास सांगणार आहे, तो या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. पडल्यावर नेमकं काय होतं हे कळावं, म्हणून संगणकाला मुद्दाम पाडणाऱ्या माणसांचा तो इतिहास आहे.

प्रत्येक संगणकात एक ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि तिचा गाभा म्हणजे कर्नेल. कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची, डिस्कवर कुठे काय लिहायचं, हे सारं तो ठरवतो. आपण वापरतो ते एखादं सॉफ्टवेअर बिघडलं, तर कर्नेल त्याला बाजूला काढतो आणि बाकीचा कारभार चालू राहतो. पण खुद्द कारभाऱ्यालाच भ्रम झाला तर? तेव्हा जमाखर्चाची वही त्याच्या हाती ठेवण्यात धोका असतो. तो चुकीच्या पानावर चुकीचे आकडे लिहीत जाईल आणि ते महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानातही येणार नाही. म्हणून आपलं काही चुकलं आहे अशी शंका येताच कर्नेलनं स्वतःहून थांबावं, अशी योजना असते. युनिक्सच्या परंपरेत तिला ‘पॅनिक’ म्हणतात. नाव घाबरगुंडीचं असलं, तरी कृती शहाणपणाची आहे.

या योजनेमागे एक मजेदार हकिगत आहे. १९६० च्या दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून ‘मल्टिक्स’ ही महत्त्वाकांक्षी प्रणाली उभारायला घेतली. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळा त्यातून बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्पसन, डेनिस रिची यांनी पुढे ‘युनिक्स’ घडवली. मल्टिक्सवर काम केलेले टॉम व्हॅन व्लेक सांगतात, की आपण लिहीत असलेल्या कोडपैकी जवळजवळ निम्मा भाग चुकांतून सावरण्यासाठीच आहे, असं त्यांनी एकदा रिचींना सांगितलं. त्यावर रिचींचं म्हणणं असं, की आम्ही ते सगळं वगळलं. चूक झाली की यंत्र बंद पडतं आणि आम्ही ओरडून सांगतो, पुन्हा सुरू करा म्हणून.

प्रयोगशाळेत हे चालून गेलं. पण युनिक्स आणि तिचे वंशज बँकांत, टेलिफोन केंद्रांत शिरले, तेव्हा निव्वळ ‘पुन्हा सुरू करा’ एवढ्यानं भागेना. पडण्याच्या क्षणी मेमरीत जे होतं, त्याचं काय झालं? आणि मुळात पडला कशानं? या प्रश्नांची उत्तरं हवी होती.

पहिल्या प्रश्नावर सर्वांचं एकमत होतं. कोसळता कोसळता कर्नेल मेमरीची नासधूस करतो, म्हणून भरवसा ठेवायचा तो डिस्कवरच, असं मानलं जाई. पण हे कोणी तपासलं होतं का? मिशिगन विद्यापीठात पीटर चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं आणि १९९६ मध्ये ‘रिओ’ नावानं हे संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी चालू कर्नेलमध्ये हातानं दोष पेरले. कुठे एखादा बिट उलटा केला, कुठे एखादी आज्ञाच गाळली. दोषांचे १३ प्रकार ठरवून प्रत्येक प्रकारानं ५० वेळा, म्हणजे ६५० वेळा एकेक प्रणाली पाडली. अशा तीन प्रणाली होत्या. सगळं लगेच डिस्कवर लिहिणाऱ्या प्रणालीत ६५० पैकी ७ वेळा माहिती बिघडली. मेमरीवर विसंबणाऱ्या रिओत, संरक्षण नसताना १० वेळा आणि संरक्षण दिल्यावर अवघी ४ वेळा. म्हणजे सर्वमान्य समजूत बऱ्याच अंशी खोटी होती. पाडून पाहिलं नसतं, तर ती आणखी किती वर्षं खरी मानली गेली असती कोण जाणे!

दुसरा प्रश्न कारणाचा. त्यासाठी पडलेल्या कर्नेलच्या मेमरीची प्रत जपून ठेवावी लागते. पूर्वी ती लिहिण्याचं काम बहुधा त्या बिघडलेल्या कर्नेलवरच सोपवलेलं असे. तापात बरळणाऱ्या रुग्णालाच स्वतःचा केसपेपर लिहायला सांगावं, तसला हा प्रकार! २००५ मध्ये लिनक्समध्ये ‘केडंप’ ही पद्धत आली. तिच्यात थोडी मेमरी आधीच राखून तिथे दुसरा, छोटा कर्नेल तयार ठेवतात. पहिला पडला की दुसरा जागा होतो आणि पहिल्याच्या मेमरीची प्रत काढतो. या कामात आयबीएमच्या भारतातल्या अभियंत्यांचाही वाटा होता.

आणि ही व्यवस्था तपासायची कशी? साधा उपाय म्हणजे लिनक्सला ‘सी’ या एका अक्षराची आज्ञा द्यायची. ती मिळताच कर्नेल मुद्दाम कोसळतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत नवा सर्व्हर कामाला लावण्याआधी मी ही चाचणी घ्यायला लावली. कागदोपत्री सारं चोख होतं, ‘केडंप सुरू’ यापुढे बरोबरची खूणही होती. आज्ञा दिली, यंत्र पडलं, दुसरा कर्नेल जागा झाला आणि राखून ठेवलेली मेमरी पुरली नाही म्हणून तोही पडला. प्रत काही मिळाली नाही. राखीव मेमरी वाढवून पुन्हा पाडलं, तेव्हा सगळं सुरळीत झालं. यंत्र अजून कामाला लागलं नव्हतं, म्हणून त्या दिवशी कोणाचं काही बिघडलं नाही. सहा महिन्यांनी, ऐन व्यवहारात ते उघडकीला आलं असतं तर?

मात्र अशी एक चाचणी पुरेशी नसते. आज्ञा देऊन पाडलेला कर्नेल तसा स्वस्थ असताना पडतो. खरा अपघात मात्र डिस्कवर लिहिणं अर्ध्यावर असताना किंवा टायमरचं काम चालू असताना गाठतो. २००६ मध्ये लिनक्समध्ये ‘एलकेडीटीएम’ नावाचा भाग आला, तो याचसाठी. कर्नेलला कोणत्या जागी, कितव्या फेरीला आणि कोणत्या तऱ्हेनं पाडायचं, हे त्यात ठरवता येतं.

आता त्या शुक्रवारकडे वळू. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरनं चूक केली आणि कर्नेल थांबला, हे नियमाला धरूनच झालं. कमी पडली ती पुढची पायरी : माणसाचा हात न लागता पुन्हा उभं राहण्याची. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुरूच होऊ न शकणाऱ्या संगणकांना दुरून दुरुस्त करण्याची योजना जाहीर केली. पुढे ती विंडोजमध्ये आली, तेव्हा तिच्यात चाचणीसाठी वेगळी सोय ठेवलेली होती. मला ही सोय त्या योजनेइतकीच महत्त्वाची वाटते.

कारण संकटासाठी केलेली व्यवस्था रोजच्या वापरात नसते, म्हणून तिच्यातला दोष रोज दिसत नाही. रुग्णालयातला जनरेटर असो, बँकेतली माहितीची राखीव प्रत असो किंवा कर्नेल असो, ‘व्यवस्था आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘आहे’ असंच येतं. तेव्हा विचारावं ते एवढंच : शेवटचं मुद्दाम पाडून कधी पाहिलं होतं?