परभणीच्या शाळेत मराठी कुठवर? निजामकालीन शिक्षणाचा धडा

१/ परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात तेलुगू भाषक सर्वाधिक, मराठी भाषक सुमारे पाव हिस्सा, तर उर्दू मातृभाषा असणारे अल्पसंख्य. तरीही १८८० च्या दशकात फारसीच्या जागी राज्यकारभाराची भाषा झाली ती उर्दू.

२/ १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. इंग्रजीऐवजी भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. स्वतंत्र भाषांतर विभाग स्थापून विविध शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले. परक्या भाषेचे ओझे विद्यार्थ्यावर नसावे, हा विचार योग्यच होता.

३/ परभणीच्या मराठी मुलाला मात्र तो लागू झाला नाही. प्राथमिक वर्गांत मराठी चाले; पुढे सरकारी माध्यमिक शाळेत उर्दू. विद्यापीठ उर्दूचे, नोकरीही उर्दूची, मग शाळा वेगळी कशी असणार?

४/ लोकांनी आपल्या शाळा काढल्या: औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. परंतु १९२० च्या दशकात खाजगी शाळांवर सरकारी परवानगीचे बंधन आले. माध्यम सरकारचे आणि पर्याय काढण्याची मुभाही सरकारच्याच हाती.

५/ साहजिकच शाळेचा प्रश्न राजकीय झाला. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, भरले. १९३८ मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थ्यांना काढण्यात आले. अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे मुक्तिलढ्याचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हिप्परगा व अंबाजोगाई येथे शिक्षकच होते.

६/ सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास मात्र १९५८ उजाडले.

७/ हा इतिहास उर्दूविरुद्ध मराठी असा वाचणे अन्यायाचे ठरेल. उर्दू ही मराठवाड्यातील असंख्य घरांचीही भाषा आहे. दोष भाषेचा नव्हता. ज्यांची मुले शिकणार त्यांना न विचारता निर्णय घेण्याचा होता.

८/ एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी अनिवार्य करण्याचा निर्णय काढला. तीव्र विरोधानंतर जूनअखेर यासंबंधीचे शासननिर्णय मागे घ्यावे लागले. निजामाच्या प्रजेला मत नव्हते. आज आहे, म्हणून शासनाला माघार घ्यावी लागली. पण पालक आणि शिक्षकांना आधी विचारण्याची पद्धत आपण अजून तरी रुजवली आहे का?