सुई, दोरा आणि रिंग

तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबड्याचं हाड काढावं लागलं, तर पायातलं फिब्युला नावाचं हाड घेऊन त्याचा नवा जबडा बनवतात. तंबाखू-गुटख्याच्या कृपेने आपल्याकडे हे ऑपरेशन आता नवलाईचं राहिलेलं नाही. पण ते हाड नव्या जागी जगणार की मरणार, हे ठरतं दोन-तीन मिलिमीटरच्या नळ्यांवर: रक्त आणणारी धमनी आणि रक्त परत नेणारी शीर. शीर तुंबली की रक्त येत राहतं, पण जायला वाट नाही. सगळा भाग जांभळा पडतो. काही तासांत पुन्हा थिएटरमध्ये नेलं नाही तर मेहनत पाण्यात.

मग शीर जोडायची कशी? हाताने शिवून की यंत्राने?

तर मंडळी, गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये. १८९४ साली ल्यों शहरात राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना भोसकलं गेलं. यकृताकडे जाणारी मोठी शीर फाटली होती आणि ती शिवायची खात्रीची पद्धतच नव्हती. कार्नो गेले. त्याच शहरात डॉक्टरकी शिकणाऱ्या अलेक्सी कॅरेलने हे मनावर घेतलं. पठ्ठ्याने चक्क भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकवणी लावली! १९०२ मध्ये त्याने आपली पद्धत मांडली: नळीच्या कडेला सारख्या अंतरावर तीन टाके घालून ताणायचे, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ बाजू शिवता येतात. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आपल्याला वाटतं, आधी हात आणि मग यंत्र. इथे ते तितकं सरळ नाही. १९०० मध्येच एर्विन पायर या ऑस्ट्रियन सर्जनने मॅग्नेशियमची रिंग वापरली होती. नळीचं टोक रिंगमधून ओढून बाहेर दुमडायचं आणि दुसरं टोक त्यावर चढवायचं. पण सुई-दोरा कुठल्याही मापाला चालतो, धमनीलाही आणि शिरेलाही. रिंग मागे पडली.

१९६० मध्ये अमेरिकेत जेकबसन आणि स्वारेझ यांनी मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या, आणि मग हाताची खरी परीक्षा सुरू झाली. दोरा केसाहून बारीक. शिरेची भिंत ओल्या टिश्यू पेपरसारखी लुळी. सुईत चुकून मागची भिंत अडकली तर नळीच बंद! शिवाय आत राहिलेल्या दोऱ्याभोवती गुठळी धरण्याची भीती.

म्हणून रिंग परत आली. १९६२ मध्ये जपानच्या नाकायामांनी पिना आणि भोकं असलेल्या धातूच्या रिंगांची जोडी मांडली. १९८६ मध्ये स्वीडनच्या ऑस्ट्रुप आणि बेर्गग्रेन यांनी तिचं सुधारलेलं रूप आणलं: प्लास्टिकची रिंग, स्टीलच्या पिना. दोन्ही टोकं आपापल्या रिंगमधून काढून पिनांवर उलटी दुमडायची आणि स्क्रू फिरवून रिंगा एकमेकींत दाबायच्या. आतलं अस्तर अस्तराला भिडतं, आत दोरा नाही. हाताने अर्ध्या तासापर्यंत चालणारं काम काही मिनिटांत होतं. आणि शिरांच्या बाबतीत निकाल टाक्यांइतके तरी चांगले असतात.

मग सुई गेली का? नाही. धमनीची भिंत जाड. ती रिंगवर दुमडताना त्रास देते, फाटूही शकते. त्यामुळे धमन्या अजून बहुतेक हातानेच शिवतात. शीर अगदीच बारीक असेल किंवा अडचणीच्या जागी असेल, तरीही सुईच. त्यातून रिंग एकदाच वापरायची, महागडी. आपल्याकडे तो खर्च पेशंटच्या बिलात येतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ऑटोमेशन म्हटलं की लगेच विचारतो, माणूस कधी जाणार? इथे सव्वाशे वर्षांत माणूस गेला नाही. जिथे हात सगळ्यात जास्त अडखळत होता, तेवढी जागा रिंगने घेतली. त्यामुळे शिकाऊ सर्जनला आजही मायक्रोस्कोपखाली तासन् तास टाके गिरवावेच लागतात. रिंग बसली नाही, तर पेशंट टेबलावर असताना शिकायला वेळ कुठे असतो?